पदराबाहेरचं बोट

"बाबानू, तुमचा चित्र स्पर्धेतसून काढून टाकल्यानी," नम्रता होडीच्या पलीकडून म्हणाली.

विठोबा वाळूत उकिडवा बसून 'जलदेवी'च्या 'दे'वरची मात्रा ओढत होता. मात्रा एका दमात ओढायची, मध्ये हात उचलायचा नाही, ही त्याची सवय. ती पुरी झाल्यावरच त्याने ब्रश डब्यावर आडवा ठेवला.

"खंयचा चित्र गो?"

"भाईंचा. तुमी घरात लावल्लास ता. मी मोबाईलवर फोटो काढून धाडल्लंय."

दांडीच्या किनाऱ्यावर विठोबा पेंटरला न ओळखणारं कोणी नव्हतं. दुकानांच्या पाट्या छापील फ्लेक्सने कधीच गिळल्या, पण होड्यांची नावं अजून त्याच्याच हातची. नारळी पुनव आठवड्यावर आली की त्याला जेवायला फुरसत नसे. उरलेल्या वेळात त्याचं एकच वेड होतं, दशावतार. आणि दशावतारात एकच माणूस, भाई. भाई गेली पन्नास वर्षं राणीचं काम करत होते. साडी नेसून ते मांडावर, खेळाच्या जागी, आले की बायकासुद्धा आपला पदर सारखा करत. विठोबाने होडीच्या जुन्या फळीवर, होडीच्याच रंगांनी त्यांना रंगवलं होतं.

आता भाईंच्या कामाला पन्नास वर्षं झाली म्हणून चाहत्यांनी सत्कार ठरवला होता आणि त्याबरोबर 'फॅन आर्ट' स्पर्धा.

"फॅन आर्ट म्हंजे काय?" विठोबाने विचारलं.

"आपल्याक जो आवडता, तेचा चित्र आपल्या हातान काढूचा."

"मगे माझा काय आसा?"

नम्रताने मोबाईल पुढे धरला. चित्राखाली लोकांनी लिहिलं होतं. हे संगणकाने बनवलेलं आहे. बोट बघा, वाकडं. मशीनला बोटं जमत नाहीत. एकाने तर हसून डोळ्यांत पाणी आलेली तोंडं ओळीने टाकली होती.

विठोबाने ते दोनदा वाचलं. मग हात रॉकेलने पुसले. "फळी घेवन जावया. तेंका हात लावून बघांदेत."

देवेशचं मोबाईलचं दुकान बाजारात होतं आणि चाहत्यांचा ग्रुप तोच चालवायचा. परीक्षक अनुजा मॅडमनाही त्याने बोलावून घेतलं. त्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. जुन्या लुंगीत गुंडाळलेली फळी विठोबाने काउंटरवर ठेवली आणि लुंगी बाजूला केली. दुकानात चार-पाच गिऱ्हाईकं होती, ती पुढे सरकली.

अनुजा मॅडमनी रंगावरून बोट फिरवलं, फळी उजेडात तिरकी धरली. देवेशकडे वळून म्हणाल्या, "हातचंच आहे रे. ब्रशचे केस दिसतायत." मग विठोबाकडे बघून, "काका, संगणकाचं म्हटलं ती आमची चूक. माफ करा."

विठोबाचा जीव भांड्यात पडला. पण मॅडम अजून चित्राकडेच बघत होत्या.

"एक विचारू? भाई पदराचं टोक डाव्या हाताच्या बोटांना गुंडाळतात. तीच तर त्यांची लकब. आता स्त्रीपार्टी करणारी नवी पोरंसुद्धा तसंच करतात. स्पर्धेला दुसरी सत्तावीस चित्रं आलीत, सगळ्यांत तो पदर आहे. तुम्ही मात्र हात उघडा काढलाय, आणि करंगळी ही अशी वाकडी." त्यांनी मान वर केली. "तुम्ही भाईंचं नाटक बघितलंय ना?"

नम्रताचा चेहरा लाल झाला. "मॅडम, बाबा तेंचो एक खेळ चुकवणत नाय!"

"मी नियमाचं बोलतेय गं. चाहत्याने काढलेलं वाटलं पाहिजे ना? काका, बोटाला काही कारण असेल तर सांगा. मी आत्ता चित्र स्पर्धेत परत घेते."

देवेशने मोबाईल वर धरला होता. "बोला काका, ग्रुपवर टाकतंय. लोकांक पण कळांदे."

विठोबाने तोंड उघडलं. मोबाईलकडे बघितलं, गिऱ्हाईकांकडे बघितलं, मग फळीवरच्या भाईंकडे.

"कारण कसला?" तो म्हणाला. "हात सरकलो माजो."

त्याने फळी पुन्हा लुंगीत गुंडाळली.

परत येताना नम्रताने स्कूटी जोरात हाणली. बंदरापाशी आल्यावर मात्र तिने गाडी थांबवली. "तुमचो हात सरकलो? तुमचो? खोटा कित्याक बोललास?"

विठोबा उतरून कठड्यावर बसला. मांडीवर फळी.

"सव्वीस वर्सां झाली गो. धामापुराक भाईंचो खेळ होतो. मी तेंच्या पेटाऱ्यार मंडळाचा नाव रंगवूक गेल्लंय. टेम्पोतसून पेटारो सरकलो तो भाईंच्या हातार. करंगळी चेपली. रगात थांबना नाय. भाईनी चिंधी बांधल्यानी, वयर पदर गुंडाळल्यानी आनि गेले मांडार. राणी आपल्या झिलाक, राजपुत्राक, निरोप देता, तो परवेस. लोकांका वाटला, काय तो अभिनय! पदर पिळून पिळून रडले. बोट मगे तसाच रवला, वाकडा. त्या दिसापासून पदर काय सुटलो नाय."

"आनि ता तुमी एकट्यानीच बघितलास?"

"पेटाऱ्याकडे मीच होतंय. भाईनी माका काय एक सांगूक नाय. नुसते माझ्याकडे बघल्यानी. स्त्रीपार्टीचो हात म्हंजे तेचा अर्धा तोंड. सव्वीस वर्सां तेनी जा झाकल्यानी, ता मी दुकानात उभो रवान उघडा करू?"

"मगे काढलास कित्याक?"

"घरात लावूक काढल्लंय, बाय. माझ्या डोळ्यांफुडे भाई येतत ते तसेच येतत."

नम्रताने त्याच्याकडे बघितलं, फळी त्याच्या मांडीवरून उचलून आपल्या पुढ्यात घेतली आणि गाडी सुरू केली.

सत्कार झाला. पहिलं बक्षीस आंबोलीच्या एका मुलीला मिळालं. तिने पदराची सुरकुती न् सुरकुती पेन्सिलने काढली होती. विठोबा शेवटच्या रांगेत बसला, मग उठून सगळी सत्तावीस चित्रं बघून आला. मुलीच्या चित्रापाशी जास्त वेळ थांबला. "हात चांगलो आसा तिचो," घरी आल्यावर एवढंच म्हणाला.

चौथ्या दिवशी दुपारी किनाऱ्यावर रिक्षा थांबली. पांढरा लेंगा-सदरा घातलेले एक वयस्क गृहस्थ वाळूतून सावकाश चालत आले. विठोबा चटकन उभा राहिला. हातातला ब्रश कुठे ठेवावा ते त्याला कळेना.

"विठोबा पेंटर तूच मां?" भाई म्हणाले. "मोबाईलवर चित्र बघितलंय. माका ता खरा बघूचा आसा."

विणलेल्या झावळ्यांच्या, झापाच्या खोपटात विठोबाने फळी काढून दिली. भाई जाळ्यांच्या ढिगावर टेकले. खूप वेळ बघत राहिले.

"लोकांनी नावां ठेवल्यानी तुका."

"ठेवांदेत."

"बोटाचा खरा कारण सांगूचा होता. मी काय रागावतलंय होतंय?"

भाईंनी फळी आपल्या गुडघ्यांना टेकवून उभी केली.

"थंय सत्तावीस चित्रां होती. सगळी बरी आसत, पोरांनी जीव लावन काढल्यानी. तेंच्यात राणी आसा." त्यांनी फळीवरच्या करंगळीवरून बोट फिरवलं. "माका सत्कारात सारखा वाटत होता, मी खंय आसंय हेंच्यात?"

"ह्या तुमी घेवन जावा, भाई."

"नको. हयच रवांदे." मग जरा हसून, "पुढच्या वर्सापासून मी काम करूचंय नाय. कोणाक सांगूक नाय अजून. गुडघे ऐकनत नाय. एक काम करशीत? माका काढ. साडीतलो नको, असोच. म्हातारो."

विठोबाने एक कोरी फळी शोधली. हातात खडू घेतला. समोर दाढीचे पांढरे खुंट, रंग लावून लावून काळवंडलेली कातडी, डोळ्यांखाली पिशव्या. इतक्या वर्षांत तो या माणसाकडे असा कधी बघायला बसला नव्हता. डोक्याची गोलाई काढली, खांदे काढले.

मान वर केली तर भाईंचे डोळे मिटले होते. तोंड किंचित उघडं, मान जाळ्यांवर कलंडलेली. प्रवासाने दमून ते बसल्या बसल्या झोपले होते.

बाहेरून हाक आली, "विठोबा! होडी ढकलूक ये रे!"

विठोबाने दारातून हात हलवून बाहेरच्यांना गप्प केलं. खडू खिशात टाकला. दाराचा झाप अलगद ओढून ऊन अडवलं आणि तिथेच, पाठीने झाप धरून, उभा राहिला.