कॅमेऱ्याच्या फटीतलं तेज

ताडकळसचा बाजार भरला होता, पण भाजीच्या पालांपुढं गिऱ्हाईक नव्हतं. सगळं गाव पारावरच्या लिंबाखाली दाटलं होतं. लिंबाखाली घोंगडीवर बापूनाथ महाराज डोळे मिटून बसले होते आणि त्यांचा चेला बन्सीधर एक फोटो डोक्यावर धरून ओरडत होता.

"बघा, नीट बघा! डोळ्याला दिसत न्हाई, पर काचेला दिसतं! महाराजाच्या टाळूवर आभाळातून तेज उतरायलंय! आरं, मानूस खोटं बोलंल, यंत्र बोलंल का?"

फोटोत महाराज उभे होते. शेजारी कडूबाईची सोळा वर्षांची लेक गीता हात जोडून उभी होती. वरच्या कडेकडून जिभेसारखा पांढरा झोत दोघांच्या डोक्यांवर उतरला होता. बाया पदर पसरून पुढं सरकत होत्या. एक म्हातारा फोटोलाच दंडवत घालत होता.

गर्दीच्या कडेला रेवणसिद्ध फोटोग्राफर दात खात उभा होता. फोटो त्यानंच काढला होता, आणि तेज कुठून आलं हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

सहा वर्षांपूर्वी, एक्क्याऐंशी साली, त्यानं तो कॅमेरा नांदेडच्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरकडून जुनाच घेतला होता. घेण्याआधी आठ दिवस पारखला होता. लेन्स इतकी पाणीदार, की नवरीच्या मुंडावळीचा मोती न् मोती वेगळा दिसावा. डोळ्याला जेवढं दिसेल तेवढंच फिल्मवर उमटायचं, त्यामुळं कुणाचं डोकं कापलं जायचं नाही. शटर एवढं चपळ, की उधळलेल्या अक्षता हवेत थांबायच्या. दोषही होतेच. वजनानं मानेला वळ पडायचे. उजेड मोजणारा काटा मेलेला, म्हणून उजेडाचा अंदाज स्वतःच बांधावा लागायचा. आणि फिल्म भरायच्या मागच्या दाराच्या खोबणीतला, उजेड अडवणारा काळा स्पंज इकडच्या उन्हानं काकवीसारखा चिकट होऊन झडून गेला होता. तिथं राहिलेल्या फटीतून ऊन आत शिरायचं आणि फोटोच्या एका कडेला पांढरा डाग सोडायचं.

रेवणसिद्ध फोटो करताना ती कड कापून टाकायचा. महाराजांचा फोटो त्यानं कॅमेरा उभा धरून काढला, म्हणून डागाची कड वर आली. आणि कड कापायच्या आतच बन्सीधरनं ओला फोटो उचलून नेला.

पहिल्या दिवसापासून रेवणसिद्ध हेच सांगत होता. चहाच्या हॉटेलात सांगितलं, पिठाच्या गिरणीवर सांगितलं. लोक हसायचे. "आप्पा, देव तुमच्या पेटीत आला आन् तुमालाच कळंना व्हय?"

शेवटी त्यानं एका गाढवाचा फोटो काढला. गाढवाच्या पाठीवर तसंच तेज उतरलं. तो फोटो त्यानं पारावर नेऊन दाखवला.

बन्सीधरनं तो कपाळाला लावला. "गाढवात बी त्योच हाय! महाराजाची नजर गेली आसंल तिकडं." संध्याकाळपर्यंत त्या गाढवाच्या गळ्यात झेंडूची माळ पडली होती.

सर्वांत संताप याचा, की दुकानापुढं आता रांग लागायची. गंगाखेडहून, बोरीहून माणसं यायची. "त्या तेजाच्या क्यामेऱ्यानं काढा," म्हणायची. सहा वर्षांत त्या लेन्सचं कौतुक कुणी केलं नव्हतं, आणि आता झडलेल्या स्पंजाच्या फटीला माणसं हात लावून नमस्कार करत होती.

त्याची बायको नीलम्मा म्हणाली, "आवो, लगीनसराई तोंडावर आली. आपलाच क्यामेरा गळका हाय म्हनून कितीदा सांगनार? ऱ्हाऊ द्या की."

तो चार दिवस गप्प राहिला. त्याची त्याला पुढं फार लाज वाटली. कारण पाचव्या दिवशी सरकारी दवाखान्याच्या नर्सबाई दुकानात आल्या. "रेवणआप्पा, गीता रोज तुमच्या दुकानावरून इंजेक्शनला यायची. बारा दिवस झाले, फिरकली नाही. टीबीचं औषध असं मधेच सोडून चालत नाही हो."

तो तडक कडूबाईच्या घरी गेला. गीता भिंतीला टेकून खोकत होती. खोकून झाल्यावर तिनं ओढणीचं लाल झालेलं टोक मुठीत लपवलं. त्यानं ते पाहिलं.

"काकू, सुया का थांबवल्या?"

"आता कशाला? तेज पोरीच्या छातीत उतरलंय. बन्सीधर म्हनला, सुई टोचली तर तेज फुटंल."

"ते तेज माझ्या कॅमेऱ्याच्या फटीतून आलं, काकू."

"मंग आमच्या थोरलीच्या लग्नातल्या फोटूत का न्हाई आलं?"

"आलं होतं. मी कापून टाकलं."

कडूबाईनं डोळे विस्फारले. "म्हंजे इतकी वर्सं तुमी देवाला कापत व्हता?"

रेवणसिद्धनं कपाळाला हात लावला. आता आपण बोलून काही उपयोग नाही, हे त्याला कळून चुकलं. ही बाई स्वतःच्या हातावर तरी विश्वास ठेवील.

"काकू, एक करा. बाजाराच्या दिवशी महाराजांचे सहा फोटो काढू. फटीवर काळी चिकटपट्टी लावायची का न्हाई, ते तुमी ठरवायचं. मला सांगायचं न्हाई, कुणालाच सांगायचं न्हाई."

कडूबाईनं लेकीकडं पाहिलं. मग म्हणाली, "चालंल. माझा देव हरायचा न्हाई."

बाजाराच्या दिवशी बन्सीधरला भरल्या गर्दीत नाही म्हणता येईना. "काढ की! सहा काय, साठ काढ!" महाराजांनी एक डोळा किलकिला करून पाहिलं आणि पुन्हा मिटला.

कडूबाईनं मणेऱ्याकडून मणी आणले. पट्टी लावली तर काळा मणी, फट मोकळी ठेवली तर पांढरा. दर फोटोआधी ती कॅमेरा पदराखाली घ्यायची, फटीचं काय करायचं ते करायची, मणी दोऱ्यात ओवायची आणि पट्टी दिसू नये म्हणून फटीवर फडकं गुंडाळून कॅमेरा परत द्यायची. रेवणसिद्ध फोटो काढायचा, मग तीच पाठमोरी होऊन फडकं सोडायची आणि फट मोकळी असेल तर ऊन आत शिरावं म्हणून कॅमेरा दर वेळी घटकाभर उन्हात धरायची. एका फोटोचा उजेड फिल्मवर पुढच्या फोटोत जाऊ नये म्हणून मधे दोन-दोन फ्रेम कोऱ्या सोडल्या.

तिसऱ्या प्रहरी सहाही फोटो दुकानापुढच्या दोरीवर ओळीनं लटकले. कड एकाचीही कापली नव्हती.

कडूबाईनं मूठ उघडली. "पांढरा," ती म्हणाली. पहिल्या फोटोत तेज होतं.

"काळा." दुसऱ्यात महाराज होते, तेज नव्हतं.

"काळा." नव्हतं.

चौथ्या मण्याला गर्दीच बोलू लागली. "पांढरा! हाय, हाय!" पाचवा काळा, सहावा पांढरा. एकही चुकला नाही.

बन्सीधर पुढं घुसला. "महाराजाचं ध्यान मधी मधी मोडलं! गलका किती करायलाव तुमी!"

"आन् नेमकं मी पट्टी लावली की मोडलं?" कडूबाई त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "बन्सीधर, देवाचं तेज आसंल तर ते चिकटपट्टीनं आडतंय व्हय? तुझ्या बोलण्यावर माझ्या पोरीचं औषध तोडलं मी. ती रगत थुकायलीय रं!"

तिनं मण्यांचा दोरा त्याच्या अंगावर फेकला आणि गीताचा हात धरून दवाखान्याची वाट धरली.

डॉक्टरांनी कडूबाईला फैलावर घेतलं आणि औषधं पहिल्यापासून सुरू केली. पावसाळा सरेस्तोवर सुया, वर्ष सरेस्तोवर गोळ्या. पोरगी वाचली. पण ते महिने तिनं उगाच जास्तीचे सोसले.

रेवणसिद्धनं खोबणीत काळी मखमल चिकटवून फट बुजवली. तरी 'गळक्या कॅमेऱ्यावाला' म्हणून दोन लग्नघरांनी दुसरा फोटोग्राफर ठरवला. महाराज गाव सोडून गेले. फोटोच्या प्रती मात्र फिरत राहिल्या.

दिवाळीनंतर बोरीचा एक शेतकरी, आश्रुबा, तशीच एक प्रत आणि एका पोराला घेऊन दुकानात आला. "याच क्यामेऱ्यानं काढला न्हवं? माझ्या नातवाला फिट येती. त्याचा एक काढा."

रेवणसिद्धच्या ओठांवर शिवी आली होती. ती गिळून त्यानं कॅमेरा काउंटरवर ठेवला, मागचं दार उघडलं आणि म्हाताऱ्याचं बोट धरून त्या खोबणीवरून फिरवलं.

"आजोबा, हितं फट व्हती, तिच्यातनं ऊन आत शिरलं. फोटूतलं तेज म्हंजे एवढंच. यंत्र खोटं बोलत न्हाई म्हनत्यात, पर यंत्र बिघडतं. नवल दिसलं तर हात जोडायच्या आधी इचारा, हे आनिक कशानं झालं आसंल? आन् ज्याला इचारलेलं सोसत न्हाई, त्याच्या सांगन्यावरनं औषध सोडू नका." त्यानं दार लावलं. "दवाखाना आजून उघडा हाय. पोराला घेऊन चला, मी येतो संगं."