काटा गारवरच होता

वाचकहो, आरंभीच नम्रपणे निवेदन करतो, की पुढील कथनात पराक्रम काहीही नाही. मोटारीच्या इंजिनातील पाण्याची उष्णता मोजणारा बोटभर सेन्सर आणि माझ्या तोंडून गेलेले एक वाक्य, एवढाच त्याचा विषय आहे.

महिपतदादा गॅरेजमध्ये आले, तेव्हा मी उगाच हात पुसत राहिलो. पोलादपूरच्या वर, खिंडीपलीकडे त्यांची वाडी. वाडीत मोटार एकच, त्यांची. आजारी माणूस तिच्यातूनच महाडला जाई. आषाढात तिचा सेन्सर निकामी झाला आणि त्याच्या इशाऱ्यावर फिरणारा पंखा बंद पडला. नवा दुसऱ्या दिवशी मिळणार होता, परंतु गाडी वाडीबाहेर ठेवण्यास ते राजी नव्हते. तेव्हा मी रेडिएटरचा पंखा डायरेक्ट करून दिला, म्हणजे निराळी वायर जोडून सतत फिरता ठेवला. समोरचा उष्णता दाखवणारा काटा मात्र गारवर निपचित पडून राहिला.

"चालवा बिनधास्त. पंखा फिरतोय तवर काय होत नाय," असे मी म्हणालो. नवा सेन्सर बसवायला ते आले नाहीत. मीही निरोप धाडला नाही.

भाद्रपदात एके सकाळी त्यांच्या पत्नी ठकूबाई यांच्या छातीत कळ आली. दादा त्यांना गाडीत घालून महाडला निघाले, तो खिंडीच्या चढावर इंजिनाच्या पाण्याचा पाइप फुटला. पंखा फिरत होता, काटा गारवर होता. इंजिन जळून थांबले, तेव्हाच दादांना कळले. दुसरे वाहन येईपर्यंत ठकूबाईंनी गाडीतच प्राण सोडला. महिपतने गाडीची निगा राखली नाही, असे वाडी म्हणू लागली. त्यांनी माझे नाव घेतले नाही.

आता इंजिन महाडला नव्याने बांधून झाले होते, सेन्सर तेवढा राहिला होता. तो त्यांनी खिशातून काढून माझ्या हातावर ठेवला.

इंजिन गार होईपर्यंत आम्ही बाकावर बसलो. माझी बायको रहिमा हिचे गुडघे कसे आहेत, हेही त्यांनी विचारले. अखेर मी म्हणालो, "दादा, चूक माझी हाय. बिनधास्त मीच बोललो."

"ठाव हाय मला. म्हणून तर हितं आणली." मग ते म्हणाले, "वाडीत नको बोलूस. मला बोलतात, तेवढं बास."

मी जुना सेन्सर काढला, नवा वॉशर घालून नवा आवळला, इंजिन थंड ठेवणारे कूलंट भरले, त्यातली हवा काढली आणि माझी ती वायर कापली. गाडी सुरू केली. काटा हळूहळू उठून मध्यावर आला. महिपतदादा बराच वेळ त्याच्याकडे पाहत होते. त्यांचा डावा हात शेजारच्या रिकाम्या आसनावर होता.

त्यांनी मनाई केली होती. तरीही हे छापावयास देत आहे, कारण वाडीत वाचणारी माणसे आहेत. आपण शेवटपर्यंत वाचलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार.

मुराद मुकादम,
गॅरेजवाला, पोलादपूर