बुवांच्या पळीतलं तीर्थ

या, अशा जवळ सरकून बसा. कीर्तन संपलं, पण एक आख्यान बाकी आहे. ते पोथीतलं नाही. आपल्या महाल वस्तीतल्या देवरावबुवांच्या घरातलं आहे, चौऱ्याहत्तर सालचं.

बुवांना दमा. पूर्वरंग संपेतो छाती शिट्ट्या मारायला लागे. डॉक्टर शामलाबाईंनी एक गोळी सुरू केली आणि आवाज मोकळा झाला. ती गोळी वर्ष-दोन वर्षं चालली. मग अधिक महिन्यातला सप्ताह लागला. सोडायचं ते एका झटक्यात सोडावं, असं निरूपण बुवांनी पहिल्याच दिवशी रंगवलं, आणि औषधानं व्रत मोडतं म्हणून गोळीही एका झटक्यात सोडली. तिसऱ्या दिवशी अभंगाच्या मध्यावर ते तबलजीच्या अंगावर कोसळले.

शामलाबाईंनी सुई दिली, बुवा शुद्धीवर आले. मग बुवांच्या पत्नीला, रंभाबाईंना, त्यांनी बाजूला घेऊन समजावलं. नसांमधून निरोप जातो तो तारेसारखा, क्षणात. पण मेंदूखालची एक ग्रंथी रक्तातून टपाल धाडते. ते मिळालं की मूत्रपिंडावरची ग्रंथी अंगाला धरून ठेवणारा रस सोडते. रस पुरेसा झाला, की टपाल थांबतं.

"गोळीनं तो रस बाहेरून आला, काकू. वरचीला वाटलं, भरपूर आहे. टपाल बंद झालं, खालची झोपी गेली. तिला हळूहळू उठवावं लागतं. गोळी एकदम बंद राहिली, तर बुवा हाती लागायचे नाहीत."

बुवा ऐकेनात. "व्रत मोडून जगू काय मी? काहून मागं लागून राहिली वं?"

रंभाबाईंनी गोळी खलात घातली. दुसऱ्या सकाळपासून बुवांच्या पळीतल्या तीर्थात गोळीची पूड पडू लागली. तीर्थ कडू लागतं, असं बुवा म्हणाले. तुळस जून झाली, असं उत्तर मिळालं. बुवा पुन्हा उभे राहिले, तसा तीर्थाचा महिमा महालभर झाला. लोक गडवे घेऊन दारात आले. त्यांना रंभाबाईंनी साधं तीर्थ दिलं. त्यानंही पुष्कळांना गुण आला म्हणतात.

एवढं तीर्थ घरात असताना गोळी कशाला, म्हणून बुवांनी सप्ताहानंतरही ती घेतली नाही. शामलाबाई सांगत गेल्या तशी रंभाबाईंनी पूड कमी केली: अर्धी, पाव, मग दिवसाआड. वर्षाच्या आत ग्रंथी जागी झाली. दमाही तोवर बराच ओसरला होता.

बुवा मात्र शेवटपर्यंत सांगत राहिले, की हळूहळू सोडणाऱ्याचं कधीच सुटत नाही. रंभाबाई पुढं बसून मान डोलवत.

बुवा गेल्यावर त्यांनीच मला हे सांगितलं. पाप नाही का वाटलं, असं मी विचारलं.

"रोज देवाले सांगूनच टाकत होती गा मी. त्यानं कधी नाही म्हटलं नाही."

बुवांचं नाव घेणारे खूप आहेत. तुम्ही तीर्थाला हात पुढं कराल, तेव्हा रंभाबाईंची आठवण ठेवा.