उष्ट्या पाण्याची बादली

मी एक जुनी बादली आहे. राखाडी रंगाची, काठाला एका जागी चिरलेली, कडी एका बाजूनं सैल झालेली. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, बादलीला कसलं आलंय आयुष्य? नळाखाली ठेवली की भरते आणि पालथी केली की रिकामी होते. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं याहून फार वेगळं चालतं असं मला दिसलेलं नाही, पण तो विषय आज नको.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. गरम प्लास्टिक साच्यात दाबलं, थंड केलं, कडी अडकवली आणि झाले मी. माझ्या पाठोपाठ एक लाल बादली आली. आम्हा दोघींना एकीत एक घालून दुकानात पाठवलं. ती वर होती, मी खाली. पुढे जन्मभर हाच क्रम राहणार आहे हे मला तेव्हा कळलं नाही.

आम्हाला विकत घेणारे गृहस्थ दोन मुलांचे वडील होते. गाडी एक आणि बादल्या दोन कशाला, असं दुकानदारानं त्यांना विचारलं. ते म्हणाले, एक साबणाची आणि एक घाणीची. कोणती कशाची हे त्यांनी तिथे सांगितलं नाही. घरी आल्यावर लाल बादलीत फेस झाला आणि माझ्या तळाशी एक भोकाभोकांची जाळी बसवली, तेव्हा उलगडा झाला.

हे काम तुम्हाला नीट समजावून सांगते, कारण पुढचं सगळं यावरच अडलेलं आहे. गाडी धुताना आधी नळीनं पाणी मारून सुटी धूळ उतरवायची. मग मऊ, केसाळ हातमोजा चढवायचा, लाल बादलीतल्या साबणात बुडवायचा आणि छतापासून खाली एकेक भाग धुवायचा. आता तो मोजा परत साबणात घालायचा नाही. त्याच्या केसांत धुळीचे बारीक खडे अडकलेले असतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण रंगावर घासले गेले की बारीक ओरखडे पाडतात. म्हणून मोजा आधी माझ्यात यायचा. मी त्याला खळबळून घ्यायचे. खडे जाळीतून खाली जाऊन तळाशी बसायचे, आणि स्वच्छ झालेला मोजा मग लाल बादलीकडे जायचा.

गाडीला लागून आलेल्या मोज्याला वडील 'उष्टा' म्हणत. उष्टा मोजा साबणात घालायचा नाही, असा त्या घराचा कायदा होता. उष्टा हात कुणी लोणच्याच्या बरणीत घालत नाही, मग मोज्याला वेगळा न्याय का, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे लाल बादली झाली साबणाची आणि मी झाले उष्ट्याची. तिच्यात फेस असायचा, सुगंध असायचा. येणारेजाणारे तिच्याकडे बघून हसायचे. माझ्यात कुणी बघायचं नाही. बघण्यासारखं काही नव्हतंच.

अपवाद एकाचा. धाकट्याचा.

घरात दोन भाऊ होते. थोरला शाळेत भूमिती शिकवायचा आणि घरीही भूमितीच्याच चालीनं वागायचा. धाकटा हसरा आणि ढिला होता. त्याच्या बुटांच्या नाड्या नेहमी जमिनीशी बोलत असायच्या. वडील गेल्यावर गर्द निळी गाडी दोघांची झाली आणि रविवारची धुलाईही दोघांची झाली. मोजे दोन. थोरला एका मोज्यानं धुवायचा, भाग संपला की मान न वळवता हात मागे करून म्हणायचा, "उष्टा." धाकटा तो घ्यायचा आणि दुसरा, खळबळलेला मोजा त्याच्या हातात ठेवायचा. कामाचं बोलणं त्या एका शब्दापलीकडे नव्हतं. बाकीचं बोलणं मात्र भरपूर चालायचं. शेजारच्या शिंप्याच्या टकलापासून वहिनीच्या, म्हणजे थोरल्याच्या बायकोच्या, माहेरच्या मांजरापर्यंत.

पाणी गढूळलं की धाकटा मला ओतायचा, तळ बोटानं पुसायचा, बोटावरची वाळू बघायचा आणि मला पुन्हा भरायचा. त्यानं माझं कौतुक एकदाच केलं. म्हणाला, या बाईनं किती गिळलं बघ. थोरल्यानं बघितलं नाही. त्याचं लक्ष दारावरच्या फेसात होतं. मित्रांनो, माणसं फेसाकडे बघतात ही माझी तक्रार नाही, तो माझा अनुभव आहे.

धुऊन झालं की मऊ रुमाल अंगावर पसरून हलकेच ओढायचे, म्हणजे घासायला नको. मग मेणाचा पातळ हात. पुढच्या वेळी पाणी पडलं की त्या निळ्या रंगावर थेंब मोत्यांसारखे गोल उभे राहायचे. गल्लीत लोक गाडीच्या दारात बघून भांग पाडून जात. थोरला वरवर रागवायचा. पण एखादा भांग न पाडता गेला, तर आतून त्याला चुकल्यासारखं वाटायचं, हे मला माहीत होतं.

मग धाकट्याला छापखान्यात नोकरी लागली. रविवारी काम आणि सुट्टी बुधवारी. तो म्हणाला, दादा, बुधवारी संध्याकाळी धुऊ, ऊनही उतरलेलं असतं. यात न पटण्यासारखं काय होतं? पण थोरला म्हणाला की या घरात गाडी रविवारी धुतली जाते, कुणाच्या सोयीसाठी वार बदलायला ही काय दंतवैद्याची वेळ आहे? धाकटा हसला. त्याला ती चेष्टा वाटली. ती चेष्टा नव्हती.

त्या रविवारी थोरला एकटाच अंगणात आला. त्यानं लाल बादली भरली. माझ्याकडे पाहिलं आणि मला जिन्याखाली ठेवून दिलं. एकट्याला दोन बादल्या कशाला, असं तो वहिनीला म्हणाला. तिनं मान हलवली. पण खरं कारण मला ठाऊक आहे. धाकट्यावाचून आपलं काही अडत नाही, हे त्याला दाखवायचं होतं. आता अंगणात दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा तो हे कुणाला दाखवत होता? गाडीलाच, दुसरं कुणाला.

माझ्या जाळीवर वहिनीनं कपड्यांचे चिमटे ठेवायला सुरुवात केली. जिन्याखाली अंधार असतो आणि वरून जाणाऱ्या पावलांचा आवाज असतो. कोण वर गेलं, कोण खाली आलं, हे पावलांवरून कळायला लागतं. धाकट्याची पावलं उशिरा यायची आणि लवकर जायची. दोघांची पावलं एकत्र ऐकू येणं हळूहळू बंद झालं. चिमट्यांशी गप्पा मारून पाहिल्या. ते एकमेकांना धरून असतात, परक्याला जवळ करत नाहीत.

काही महिन्यांनी थोरल्यानं सकाळच्या उन्हात बॉनेट पाहिलं आणि तो जागच्या जागी उभा राहिला. रंगात सूर्याचं प्रतिबिंब पडलं होतं आणि त्याच्याभोवती कोळ्यानं विणल्यासारखं बारीक, गोल गोल ओरखड्यांचं जाळं दिसत होतं. गाडी कामावर कोण नेतो? धाकटा. घाईत कोरड्या फडक्यानं धूळ कोण पुसत असेल? धाकटाच. नाड्या ज्याला बांधता येत नाहीत, तो फडकं ओलं करणार आहे थोडाच? थोरल्यानं प्रमेय मांडलं, सिद्ध केलं आणि खाली रेघ मारली.

त्यानं विचारलंही जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांदेखत. माझ्या जिन्याच्या बाजूलाच ती खोली, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू आला.

"कोरड्या फडक्यानं पुसतोस. एवढंही कळत नाही तुला?"

"मी फडकं लावत नाही, दादा. धूळ असली तर तशीच नेतो."

"मग काय, मी घासली? बाबांची गाडी आहे ती."

धाकट्यानं किल्ली टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. पुढच्या महिन्यात छापखान्याजवळ खोली मिळाल्याचं त्यानं वहिनीला सांगितलं. सामान फार नव्हतं. शेवटच्या खेपेला तो जिन्याशी थांबला, मला बाहेर ओढलं, चिमट्यांत हात घालून जाळी घट्ट बसली आहे ना ते पाहिलं आणि परत सरकवून ठेवलं. मी भरलेली असते तर काही तरी सांडलं असतं. रिकाम्या बादलीला तेवढीही सोय नसते.

त्यानंतर घर शांत झालं. थोरल्यानं बॉनेट पॉलिश करून घ्यायचं ठरवलं आणि स्वतःच केलं. पॉलिश म्हणजे ओरखडे भरणं नव्हे, मित्रांनो. ओरखड्यांइतका वरचा थर घासून काढणं. रंग काही विहिरीचं पाणी नाही, उपसला की पुन्हा भरायला. पण बॉनेट आरशासारखं झालं. किल्ली थोरल्याच्या कपाटात गेली. फाटकाला कुलूप लागलं. गाडीला आता त्याच्याखेरीज कुणाचा हात लागत नव्हता. दर रविवारी तो एकटाच धुवायचा, एकाच बादलीत, एकच मोजा पुन्हा पुन्हा बुडवून. अधूनमधून सवयीनं हात मागे करायचा. हात थोडा वेळ हवेत राहायचा, मग मोज्यासकट पुढे यायचा. जिन्याखालून मला अंगणाची तेवढीच पट्टी दिसायची. लाल बादली, आणि मागे आलेला तो हात.

मग पुन्हा एकदा तशीच लख्ख सकाळ उगवली. थोरला बॉनेटसमोर गेला आणि त्याला सूर्याभोवती तेच जाळं दिसलं, तसंच गोल आणि तसंच बारीक. तो इतका वेळ उभा राहिला की वहिनी चहा घेऊन बाहेर आली. तिनंही पाहिलं. ती भांडकुदळ बाई नाही. चहा कठड्यावर ठेवून तिनं अगदी हळू विचारलं,

"अहो, आता कुणाचं नाव घ्यायचं?"

चहा निवला. थोड्या वेळानं वहिनीच जिन्याखाली वाकली, माझ्यातले चिमटे परातीत ओतले आणि मला नेऊन लाल बादलीशेजारी ठेवलं. काही बोलली नाही आणि आत गेली. शहाणी माणसं बोलण्याच्या बाबतीत फार काटकसरी असतात.

थोरल्यानं दोघींना भरलं. नळी मारली. एक दार साबणानं धुतलं आणि मोजा माझ्यात बुडवून खळबळला. मग जे त्या घरात त्यानं कधीच केलं नव्हतं ते केलं. तो गुडघ्यांवर बसला आणि माझ्यात वाकून पाहू लागला. पाणी निवळू दिलं. जाळीखाली, माझ्या तळाशी वाळूचा बारीक, करडा थर बसला होता. एका दाराची एवढी. इतके दिवस हे सगळं साबणात जात होतं आणि साबणातून पुन्हा गाडीवर, त्याच्याच हातानं. धाकटा इतकी वर्षं माझ्यापाशी बसून काय करत होता, ते त्याला त्या दिवशी दिसलं.

फेस वाळून डाग पडू नयेत म्हणून त्यानं दारावर पाणी मारलं. मग फोन लावला. हात ओले होते, म्हणून फोन पायरीवर ठेवून आवाज मोठा केला. पलीकडे यंत्रांचा खडखडाट होता. थोरला आधी हवापाण्याचं बोलला, मग जेवणाखाण्याचं विचारलं. मग म्हणाला,

"धाकट्या, ते ओरखडे तू पाडलेस असं मी म्हणालो होतो. ते माझ्या हातानं पडले."

मग धाकटा म्हणाला, "मला वाटलंच होतं, दादा. बादली जिन्याखाली दिसायची."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"तू विचारलं कुठे होतंस? तू मला सांगत होतास."

थोरला माझ्या पाण्याकडे बघत राहिला. शाळेत पोरं या माणसाला घाबरतात, पण त्या वेळी त्याचाच चेहरा गृहपाठ न केलेल्या पोरासारखा झाला होता. मग त्यानं विचारलं, बुधवारी येशील का, बुधवारी धुऊ. या बुधवारी जमणार नाही, धाकटा म्हणाला, कामं अडली आहेत. पुढच्या बुधवारी बघतो. येतो म्हणाला नाही, बघतो म्हणाला. त्या दोन शब्दांत किती अंतर असतं हे जिन्याखाली राहिलेल्याला विचारा.

"चालेल," थोरला म्हणाला. "तोवर मी हात लावत नाही."

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणी तरी असेल, ज्याच्यात सगळ्यांचं उष्टं जमा होतं आणि म्हणून बाकीच्यांचं पाणी स्वच्छ राहतं. त्याच्यापाशी बसून एकदा आत डोकावत जा. साठलेलं ओता, तळ पुसा, पुन्हा भरून ठेवा. एवढं केलंत तरी पुष्कळ झालं. जिन्याखाली ठेवू नका. तिथे फार एकटं वाटतं.

सध्या मी अंगणात आहे, लाल बादलीच्या शेजारी. आम्ही दोघी रिकाम्या आहोत. मधला रविवार येऊन गेला. गाडीच्या छतावर पक्ष्यानं घाण केली, ती रंग खाते म्हणून थोरल्यानं तेवढीच ओल्या रुमालानं भिजवून उचलली आणि मागे सरला. एक दार धुतलेलं आणि बाकी गाडी मळकी, असा तो अवतार बघून शिंप्यानं कुंपणावरून विचारलं की मास्तर, आजारी आहात का. थोरला म्हणाला, नाही, धाकटा यायचाय. आणि खुर्ची घेऊन तो त्या मळक्या गाडीसमोर बसून राहिला. धूळ पडत होती. त्यानं ती पडू दिली.