उलटा हात

हिंगोली स्टेशनावर दुपारची मालगाडी येऊन उभी राहिली की नामाजी बाकावरून उठत. डब्यांखालची चाकं तपासण्यात उभी हयात गेलेली, आणि रिटायर होऊन तीन वर्षं झाली तरी पाय तिकडेच वळत. घरी बोलायला होतंच कोण? बायको सुभद्राबाई जाऊन वर्ष होत आलं होतं. तेव्हा एका सकाळी ती म्हणाली, कसंतरी होतंय. नामाजींनी कपाळाला हात लावला, "काही न्हाई तुला," म्हणाले आणि स्टेशनावर आले. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, ताप डोक्यात गेलाय, आणायला उशीर झाला.

तेव्हापासून चहावाल्या तातेरावाने नुसतं "काकू गेल्या बिचाऱ्या" म्हटलं, की नामाजी ठरलेलं वाक्य बोलत, "ताप नव्हताच तिला. मी सोता हात लावून पाह्यलं व्हतं." त्या वाक्याच्या टेकूवरच गडी उभा होता.

हातोड्याने ठोकून चाकं तपासायला आता गोरेगावची अंजली होती. दवाखान्यात कपाळाचा ताप मोजतात तसली बंदूक तिच्याकडे असे. आज नेमकी तिची बॅटरी बसली होती.

"काका, तुमच्या टायमाला काय करत होते?" तिने चेष्टेने विचारलं.

"हात लावत होतो. बैलगाडीत आस जागेवर राहतो अन् चाक फिरतं. इथं दोन्ही चाकं आसावर घट्ट बसवलेली, आसासकट फिरतात. सगळं ओझं आसाच्या टोकावरल्या बेरिंगवर. ती तापली की आस तुटलाच म्हण." मग ते म्हणाले, "एक चाक गेलं तर जोडीच काढून टाकतात. दुसरं एकटं ठेवत न्हाईत."

माणसांच्या बाबतीत अशी सोय नसल्याचा त्यांना मनापासून राग होता.

अंजली एकेका बेरिंगला हात लावत पुढे निघाली. बाराव्या डब्यापाशी नामाजींच्या नाकाला जळक्या ग्रीसचा वास आला.

"हे पुन्हा पाह्य."

तिने तळहात ठेवला. "बाकीच्यासारखंच हाय, काका."

"उलटा हात लाव."

तिने हाताची मागची बाजू टेकवली आणि झटकन मागे घेतली. फोन झाले, डबा गाडीतून काढायचं ठरलं. अंजली हात न्याहाळत म्हणाली, "तळहाताला काहून कळलं न्हाई?"

"हातोड्यानं घट्टे पडतात, पोरी. घट्ट्याच्या हाताला ताप कळत न्हाई. पह्यल्याच दिवशी शिकवतात आमाला. मी छत्तीस वर्षं कदी सुलटा हात…"

त्यांनी आपला उजवा तळहात डोळ्यांसमोर धरला. हाच हात. बेरिंगला जन्मभर उलटा लावला आणि सुभद्रेच्या कपाळाला सुलटा. सवयीच्या माणसाला कोण एवढं जपून हात लावतो? त्यांना जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

अंजलीला वाटलं, काका दमले. तिने त्यांना तातेरावाच्या टपरीवर आणून बसवलं. तातेरावाने चहा पुढे केला आणि त्यांचा पडलेला चेहरा पाहून नेहमीसारखं समजुतीचं बोलला, "काकूची याद आली का? तुमी तरी काय करणार व्हते? ताप तर नव्हताच."

नामाजींनी कप खाली ठेवला.

"व्हता," ते म्हणाले. "ताप व्हता तिला."