मागच्या खोलीतलं हसू

बत्तीस वर्षं मी घाटंजी तालुक्यात भोंगे बांधतोय. लग्न असो, जयंतीची मिरवणूक असो की सरपंचाची सभा, खांबावर चढून भोंग्याचं तोंड कुठं फिरवायचं हे या उकंडाला शिकवणारा अजून जन्मायचा आहे, अशी माझी पक्की समजूत होती. ती शिकवणारी जन्मून तेवीस वर्षं झाली होती आणि माझ्याच घरात जेवत होती, हे मला फार उशिरा कळलं.

एके साली बोंडअळीनं तालुक्यातला कापूस खाल्ला. पुढच्या उन्हाळ्यात लोकांनी लग्नं दारातल्या दारात उरकली. जिथं वाजंत्रीच नाही तिथं भोंगेवाल्याला कोण विचारतो? माझं सामान खोलीत पडून होतं. आमची उर्वशी तेव्हा यवतमाळहून कॉम्प्युटरची पदवी घेऊन घरी बसली होती. म्हणजे बसली आहे असं मला वाटायचं. ती कुठून कुठून जुने कॉम्प्युटर आणायची, टीव्हीमागे तळहातात मावतील एवढी यंत्रं जोडायची, त्यात कुठलंसं फुकटचं सॉफ्टवेअर भरायची आणि आमच्या तीन खोल्यांत एकच गाणं वाजवत बसायची. मी एकदा चिडून विचारलं, तीन खोल्यांना एक रेडिओ पुरते, हा पसारा कायले? तर म्हणाली, एका क्षणी सगळीकडं तोच सूर आणि तेच चित्र पाहिजे. मी म्हटलं, वायर ओढ, झालं. ती नुसती हसली. बापावर हसणारी पोरगी मला आवडत नाही, पण हिचं हसू मला कधी रागावू देत नाही.

मग यवतमाळचं काम आलं. तिच्या वर्गातली आभा, तिचे आजोबा मधुसूदन साहेब, कचेरीतून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले. त्यांची पंचाहत्तरी होती. आभानं घरातल्या जुन्या कॅसेटी गोळा करून तासाभराची फिल्म बनवली होती आणि ती हॉलमध्ये, व्हरांड्यात, जेवणाच्या खोलीत आणि मागच्या खोलीत एकाच वेळी दाखवायची होती. मागची खोली सगळ्यात महत्त्वाची. तिथं आभाची आजी, सुचित्राकाकू, दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेल्या. कंबरेचं हाड मोडलेलं, खुर्चीत बसवलं तरी कळ मस्तकात जायची.

उर्वशी खोल्या मोजायला गेली तेव्हा काकूंनी तिचा हात धरून जे सांगितलं, ते तिनं मला घरी येऊन सांगितलं. मागच्या दिवाळीत हॉलमध्ये सगळे जमले होते आणि काकूंच्या हातात मोबाईल दिला होता, त्यावर हॉल दिसत होता. पण मोबाईल मागं पडायचा. भिंतीतून हसणं आधी ऐकू यायचं आणि गंमत नंतर दिसायची. काकू म्हणाल्या, "सगळे हसून झाले की मला कळतं कशाला हसले. मग एकटीनं मागून हसायची लाज वाटते गं." उर्वशीनं त्यांना तिथल्या तिथं शब्द दिला की या वेळी तुम्ही सगळ्यांच्या बरोबर हसाल. शब्द देऊन ती आली आणि रात्रभर काळजी मला लागली.

ते घर मला ठाऊक होतं. साहेबांच्या धाकट्या मुलाच्या मुंजीला मी तिथं कडुलिंबावर भोंगा बांधला होता. फाटकापाशी मला चहा मिळाला. कशात मिळाला ते सांगत नाही, तुम्हीच समजून घ्या. त्यापुढं मी पाऊल टाकलं नव्हतं. आणि आता माझी पोरगी ड्रिल मशीन घेऊन त्या घरात खोली खोली फिरत होती. स्वयंपाकघरातून वायर नेली, देवघराच्या भिंतीला भोक पाडलं. आवाज जिथं न्यायचा तिथं आवाजवालीला जावंच लागतं. माझी छाती फुगली होती, पण मी तोंड वाकडं करूनच उभा होतो, कारण घरातली माणसं सगळं मलाच विचारत होती. हा टीव्ही कुठं ठेवू, हा स्पीकर कुठं लावू? मला ओ की ठो कळत नव्हतं, तरी मी ठसक्यात उत्तरं देत होतो. उर्वशी नंतर गुपचूप सगळं योग्य जागी हलवत होती.

साहेब बोलणार म्हणून माझा अ‍ॅम्प्लिफायर आणि माइकही होता. कार्यक्रम संध्याकाळी पाचचा. दुपारी बाराला लाईट गेली ती एकला आली. उर्वशी तेव्हा आभाबरोबर बाजारात गेली होती. तिचा फोन आला, मशीन तपासता का, नाहीतर मी लगेच येते. मी म्हटलं, तुझ्या जन्माआधीपासून तपासून राह्यलो. माइक हातात घेतला, हॅलो, चेक, वन टू थ्री. आभाच्या धाकट्या काकाला माइक देऊन बोलत ठेवलं आणि चारही खोल्यांत स्वतः फिरलो. आवाज स्वच्छ, एकसारखा. तिला कळवून टाकलं की टकाटक आहे, आरामात ये.

सव्वाचारला ती आली. पाहुणे जमायला लागले होते. काकूंना दाखवावं म्हणून तिनं फिल्मचा थोडा भाग लावला. हॉलच्या पडद्यावर कोणीतरी पाय घसरून पडलं आणि पाहुणे हसले. भिंतीतून ते हसणं काकूंच्या खोलीत आलं. काकूंच्या पडद्यावर तो माणूस अजून चालतच होता. दोन सेकंदांनी तो पडला. काकू हसल्या नाहीत. उर्वशीच्या हातावर थोपटून म्हणाल्या, "राहू दे गं. एवढं केलंस तेच पुष्कळ."

पोरीचा चेहरा उतरला तो मी दारातून पाहिला. ती बाहेर आली आणि मला हळूच म्हणाली, "बाबा, तुमी काय तपासलं?"

"माइक."

"माइकचा आवाज तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरातून सरळ वायरीनं खोल्यांत जाते. फिल्म माह्या मशीनीतून जाते. तुमी तुमचंच तपासलं, बाबा. माह्यं तपासलंच नाई."

माझ्या डोक्यात सणक गेली. तोंडावर आलेलं सगळं मी गिळलं, कारण ती खरं बोलत होती. बत्तीस वर्षं आवाज म्हणजे माइक, एवढंच मी जाणत आलो. वन टू थ्री म्हटलं की काम फत्ते. त्या माजापायी मी माझ्या लेकीचा शब्द खोटा पाडला होता आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिला म्हटलं, "चूक माह्यी आहे. आता काय करू ते सांग." असं मी तिला आयुष्यात पहिल्यांदा विचारत होतो.

तिनं सांगितलं ते असं. त्या छोट्या यंत्रांना घड्याळाची बॅटरी नसते. लाईट जाऊन आली की ती इंटरनेटवर वेळ विचारतात, आणि इंटरनेट दुपारपासून आलंच नव्हतं. त्यामुळं काकूंच्या खोलीतलं यंत्र हॉलच्या दोन सेकंद मागं चालत होतं आणि जेवणाच्या खोलीतल्याची वेगळीच वेळ होती. ज्याला त्याला आपली वेळ खरी. तिनं हॉलमधल्या कॉम्प्युटरला घरातला वडीलधारा केलं. यापुढं बाहेर कोणाला विचारायचं नाही, सगळ्यांनी यालाच वेळ विचारायची. दहा मिनिटं ती खाली मान घालून टाइप करत होती आणि साहेब दोनदा येऊन घड्याळ पाहून गेले.

फिल्म पुन्हा लावली. दोन सेकंदांचा फरक गेला, पण केसभर काहीतरी उरलं होतं, रिकाम्या विहिरीत बोलल्यासारखं. उर्वशी म्हणाली की हॉलचा मोठा टीव्ही चित्र आणि आवाज सोडायच्या आधी जरा विचार करतो, आणि किती करतो हे घड्याळ सांगत नाही. "आता तुमचा कान पाहिजे, बाबा."

हॉल आणि मागची खोली यांच्यामधल्या बोळात मी उभा राहिलो. तिथून ती मला दिसत होती. पाहुणे बसलेले, ओरडता येत नव्हतं. खांबावरचा माणूस आणि अ‍ॅम्प्लिफायरवरचा माणूस हातानं बोलतात तसे आम्ही बोललो. तळवा वर म्हणजे वाढव, खाली म्हणजे कमी कर, मूठ म्हणजे थांब. लहानपणी ती माझ्यासोबत यायची तेव्हाच शिकली होती. पडद्यावर कुठल्याशा लग्नात टाळ्या वाजत होत्या. डाव्या कानात हॉलची टाळी, उजव्यात काकूंच्या खोलीची. काकूंची पुढं पळत होती. मी तळवा वर केला, तिनं त्या खोलीला जरा अडवलं. अजून जरा. थोडं जास्त झालं, तळवा खाली. मग टाळ्या एक झाल्या आणि मी मूठ आवळली.

पाचला कार्यक्रम सुरू झाला. मी बोळातून हललो नाही. पडद्यावर तरुण साहेब नव्या स्कूटरवर ऐटीत बसले, किक मारली, मारत राहिले, घामाघूम झाले. शेवटी शेजारच्या बाईनं येऊन पेट्रोलचा कॉक उघडून दिला. हॉल हसला आणि त्याच क्षणी मागच्या खोलीतून काकू हसल्या. दोन्ही हसणी माझ्या छातीवर एकदमच आली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्याची मला लाज नाही.

थोड्या वेळानं पडद्यावर ते टाळ्यांचं लग्न आलं आणि काकू एकट्याच हसल्या, हॉलच्या आधी. मी घाईघाईनं तळवा वर केला. उर्वशी उठून माझ्याजवळ आली आणि कानात म्हणाली, "मशीन बरोबर आहे. त्या लग्नात काकू स्वतः होत्या ना. पुढं काय होते ते त्यायले माहीत आहे." तेवढ्यात काकूंचं ते खळखळून हसणं ऐकून, पडद्यावर काही व्हायच्या आधीच, अख्खा हॉल हसायला लागला.

फिल्म संपल्यावर साहेब पाहुण्यांना घेऊन माझ्याकडं आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना सांगू लागले की हा आमचा उकंडा, याचं काम पहिल्यापासून चोख.

मी म्हणालो, "साहेब, हे काम माह्यं नाई. मालकीण ती आहे. मी तिचा हेल्पर आहो."

पाहुणे तिच्याकडं वळले. ती वायर गुंडाळत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग हेल्पर, तो अ‍ॅम्प्लिफायर उचला. काकू मले आत बोलावून राह्यल्या."

मी तो उचलला आणि तिच्या मागं चालू लागलो.