चिखलातले दोन तास

खाडीकाठच्या त्या राखीव पाणथळीत पक्षी मोजायला लागून तिला एकोणीस वर्षं झाली होती. चिखलात एकट्यानं उतरायचं नाही, हे नव्या लोकांना तीच बजावत असे. त्या सकाळी मात्र लाकडी पुलापासून वीस पावलांवर एक शेकाट्या फाटक्या जाळ्यात अडकून धडपडत होता. त्याचे लांब लाल पाय एकमेकांत पार गुंतले होते. ओहोटी होती. पिशवी आणि फोन कठड्याला अडकवून ती खाली उतरली.

पक्ष्यापर्यंत पोचली आणि पाय मांडीपर्यंत आत गेले. एक उपसावा तर दुसरा आणखी खोल जाई. तिनं आधी दातांनी जाळं तोडलं. शेकाट्या उडाला, दहा हातांवर उतरला आणि काही घडलंच नाही अशा थाटात चोचीनं चिखल उकरू लागला.

"जा बाबा, तू तरी सुटलास," ती म्हणाली.

समोर खाडीपलीकडे वीस-वीस मजली इमारती. एका गच्चीत एक बाई कपडे वाळत घालत होती. हिनं दोन्ही हात हलवून हाक मारली. बाईनंही हसून हात हलवला आणि ती आत गेली. एवढं मोठं शहर डोळ्यांसमोर, आणि कुणाला पत्ता नाही! तिला रडू फुटलं. मग भरतीचं पाणी आलं, आधी गार रेघेसारखं, मग कमरेपर्यंत. हाका मारून मारून घसा बसला. घरी लेकीला 'आलेच' म्हणून आपण निघालो होतो, एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

फाटकावरचे म्हातारे पहारेकरी, ज्यांना सगळे मामा म्हणत, चहा गार झाला तरी ही आली नाही म्हणून शोधत आले.

"ताई! अहो, हे काय करून बसलात?"

"मामा, खाली उतरू नका! दोघंही अडकू. बाक आणा, तुमच्या झोपडीतला!"

मामांनी बाक ओढत आणला, पुलावरून पाण्यात तिच्या दिशेनं लोटला, झाडांना पाणी घालायचा पाइप कठड्याला बांधून तिच्याकडे फेकला. बाकावर पालथी पडून तिनं एकेक पाय सोडवला. बूट आतच राहिले. पुलावर आल्यावर ती कितीतरी वेळ मामांचा सदरा मुठीत धरून बसली.

चौकशी झाली. "नियम तुम्हीच मोडलात," साहेब म्हणाले, आणि तिला तिकीट खिडकीवर बसवलं. त्या गजांमागे पहिले काही दिवस तिचा जीव गुदमरायचा. दार उघडं ठेवल्याशिवाय बसवेना.

मोजणी मामांकडे आली. रोज दुपारी ते वही घेऊन खिडकीशी येतात.

"ताई, वाकड्या चोचीचे सव्वीस. त्यांना काय म्हणायचं?"

"चोच वर वाकडी की खाली?"

"आता ते कोण बघतंय!"

"मग परत जा, मामा. नीट बघून या."


मामा कुरकुरत जातात. ती गजांमधून मान तिरकी करून बघते. तिथून पाणी दिसत नाही.